शनिवारचा वर्ग

डॉ. निवेदिता मुळे यांच्या हाताखाली शिकणाऱ्याला सुई मिळायला बराच वेळ लागायचा. नगरजवळच्या केडगावच्या पुढं, पुणे रस्त्यावरच्या त्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात भूलशास्त्र शिकायला आलेला रेसिडेंट कितीही हुशार असो, मॅडम त्याच्या हातात आधी नुसता सोनोग्राफीचा प्रोब द्यायच्या. जिलेटिनच्या वडीत शेवया घालून त्या शोधायला लावायच्या. शेवई सापडायला लागली की मग जिवंत माणूस. त्याच्या मानेतली, काखेतली, मांडीतली नस पडद्यावर ओळखता आली पाहिजे आणि शेजारची रक्तवाहिनी दाखवता आली पाहिजे. तेवढं जमलं की थिएटरमध्ये सुई.

"पूर्ण भूल दिली की पेशंट झोपतो," त्या म्हणायच्या. "इथं नुसता हात झोपतो. पेशंट जागा असतो, तुमचं बोलणं ऐकत असतो. म्हणून आधी नीट बघायला शिका."

वर्गातला तो जिवंत माणूस म्हणजे मॅडमचे वडील, विष्णुपंत. सुरुवातीला बाहेरून दोन तरुण ठरवले होते. मानेला गार जेल लागल्यावर आणि भोवती पाच-सहा जण डोकावायला लागल्यावर त्यांनी पुन्हा तोंड दाखवलं नाही. योगायोगानं त्याच दिवशी विष्णुपंत लेकीचा डबा घेऊन आले होते. "मी झोपतो की," म्हणाले. शर्टाची घडी घालून खुर्चीवर ठेवली आणि टेबलावर आडवे झाले. तेव्हापासून वर्गाच्या शनिवारी ते यायचेच. माणूस हडकुळा, अंगावर चरबी नाही, त्यामुळे पडद्यावर सगळं लख्ख दिसायचं. असा मॉडेल पुण्यालाही मिळणार नाही, असं मॅडम म्हणाल्या की ते खूश व्हायचे.

पारनेरच्या हायस्कुलात त्यांनी जन्मभर चित्रकला शिकवली होती. टेबलावर पडल्या पडल्यासुद्धा मान वळवून पडद्याकडे बघत राहायचे, ही सावली कशाची, ती कड अशी तुटक का, असं रेसिडेंटना विचारायचे. वर्ग संपला की जेल पुसून, शर्ट चढवून फळ्याशी जायचे आणि मानेतून निघून हातात उतरणाऱ्या नसांचं जाळं खडूनं काढून दाखवायचे. पुस्तकातल्या चित्रापेक्षा ते सोपं असायचं. सगळे रेसिडेंट त्यांना सर म्हणायचे.

बायको गेल्यापासून सर आणि मॅडम, बापलेक दोघंच केडगावच्या घरात राहत. मॅडमनी लग्न केलं नव्हतं. पन्नाशीच्या पुढच्या, कमी बोलणाऱ्या बाई. हसायच्या त्या बहुतेक शनिवारीच.

डॉ. ज्योती गर्जे दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट होती. पाथर्डी तालुक्यातली. तिचे आईवडील, दगडाबाई आणि सहादेव, दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे ते उन्हाळ्यातच परत यायचे. ज्योतीला चित्र अजिबात काढता येत नसे. सरांनी फळ्याशी बोलावलं की ती लाजायची. सर म्हणायचे, "काढता नाही आलं तरी चालेल गं. बघता आलं पाहिजे. तुला बघता येतं."

दिवाळीनंतरचा पहिला वर्ग होता. मॅडम पलीकडच्या टेबलावर दोघांना जिलेटिनच्या वडीवर सुई धरायला शिकवत होत्या. इकडे सरांजवळ ज्योती आणि पहिल्या वर्षाचा समर्थ असे दोघंच. समर्थला मशीनची दुसरी वायर आणायला पाठवलं होतं. ज्योतीनं सांगितलं, "सर, गार लागेल हं," आणि डाव्या हासळीच्या हाडामागच्या खळगीत प्रोब टेकवला.

पडद्यावर आधी धमनी आली. काळी, गोल, ठोके देणारी. तिच्या बाहेरच्या अंगाला नसांचा पुंजका. तो द्राक्षांसारखा दिसतो म्हणून सगळे त्याला घडच म्हणत. ज्योतीनं घड मधोमध आणला. सर मान वळवून बघत होते.

"जरा आत घे," ते म्हणाले. "मानेकडे."

तिनं प्रोब आत सरकवला.

"हे काय आहे?"

"कुठलं, सर?"

"हे गोल. धमनीच्या आतल्या बाजूला. मागच्या खेपेला हे नव्हतं."

ज्योतीनं आधी वाटलं ते सांगितलं, शीर असेल. शीर दाबली की चपटी होते. तिनं प्रोब हलकेच दाबला. ते दबलं नाही. रक्त वाहत असेल तर पडद्यावर रंग उमटतो, म्हणून तिनं ते बटण लावलं. धमनीत लाल रंग उसळला. त्या गोलात काहीच उमटलं नाही. त्याच्यामागे आणखी एक होतं, त्याहून लहान. पुढं आणखी एक.

तिचा हात तिथंच थांबला. पोटातला कॅन्सर पसरत पसरत डाव्या हासळीमागच्या गाठींपर्यंत येतो, हे तिनं एमबीबीएसला पाठ केलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. तिनं पहिल्यांदा पडद्यावरून नजर काढून सरांच्या अंगाकडे बघितलं. खळगी मागच्यापेक्षा खोल झाली होती. पँटचा पट्टा नव्या भोकात अडकवला होता आणि ते भोक घरीच खिळ्यानं पाडलेलं दिसत होतं.

"गाठ आहे ना?" सरांनी विचारलं.

"हो सर. गाठी आहेत. सर्दीनं, दात किडल्यानंसुद्धा येतात."

"दात माझे सगळे काढलेत," सर म्हणाले. मग हळूच म्हणाले, "जेवण जात नाही काही दिवस. म्हटलं वय झालं."

"मी मॅडमना बोलावते."

"थांब." त्यांनी तिचं मनगट धरलं. "वर्ग होऊ दे. समर्थला अजून काहीच दाखवलेलं नाही. घरी गेल्यावर मी सांगतो तिला."

तेवढ्यात मॅडमनी पलीकडून विचारलं, "ज्योती, घड दिसला?"

"दिसला, मॅडम," ज्योती म्हणाली आणि तिनं प्रोब बाहेरच्या अंगाला सरकवला. पडद्यावर पुन्हा नुसती धमनी आणि घड राहिला.

समर्थ वायर घेऊन आला. सर म्हणाले, उजवीकडून दाखव त्याला. ज्योतीनं उजवीकडून दाखवलं. त्या दिवशीही सरांनी फळ्यावर चित्र काढलं, पण अर्ध्यावर खुर्ची मागून घेतली आणि बसून पूर्ण केलं.

सोमवारी मॅडम नेहमीसारख्याच आल्या. थिएटरमध्ये एका पोराच्या मोडलेल्या हाताला ब्लॉक, म्हणजे नुसता हात बधिर करायची सुई, देताना ज्योतीला म्हणाल्या, सुईचं टोक दिसल्याशिवाय औषध ढकलायचं नाही. आवाजात काही फरक नव्हता. सरांनी सांगितलेलं नाही, हे ज्योतीला कळलं. तिनं वाट बघायचं ठरवलं. मंगळवारी सकाळीही मॅडम तशाच होत्या. चहा पिताना म्हणाल्या, बाबांची पाठ पुन्हा धरलीय, थंडी सुरू झाली की त्यांचे मणके कुरकुरतात.

ज्योतीच्या हातातला चहा तसाच राहिला. पाठ दुखते, हे तिला ठाऊक नव्हतं; पोटातलं दुखणं पाठीतही उमटतं, हे ठाऊक होतं.

दुपारी तिनं आईला फोन लावला. दगडाबाई कोल्हापूरकडच्या फडात होती. मागं ट्रॅक्टरचा आवाज येत होता. ज्योतीनं नाव न घेता विचारलं, एखाद्याच्या घरच्या माणसाचं मोठं दुखणं आपल्याला आधी कळलं, आणि तो माणूसच म्हणतोय की मी सांगतो, पण सांगत नाही, तर काय करायचं.

"त्येला भ्याव वाटत आसंल," दगडाबाई म्हणाली. "सोताच्या तोंडानं सांगायचं म्हंजी लई जड जातं. तू सांग. आन उबी राहून सांगू नगं. बसव त्यान्ला, आन मग सांग."

"व्हय," ज्योती म्हणाली.

पण बसवायला जमलं नाही. दोन ऑपरेशनांच्या मध्ये मॅडम हात धुवायच्या बेसिनशी उभ्या होत्या. ज्योती शेजारी गेली आणि नळाच्या आवाजातच बोलून गेली, की मॅडम, शनिवारी सरांच्या डाव्या बाजूला गाठी दिसल्या. तीन. दबत नाहीत. सरांनीच आधी बघितल्या.

मॅडमनी कोपरानं नळ बंद केला.

"शनिवारी?"

"हो."

"आज मंगळवार आहे."

"सर म्हणाले होते, मी सांगतो."

"तुला त्यांनी सांगितलं आणि तू ऐकलंस." मॅडमचा आवाज चढला नव्हता. ओले हात तसेच वर धरलेले होते. "डावी बाजू म्हणालीस?"

"हो, मॅडम."

पुढच्या ऑपरेशनची भूल मॅडमनीच दिली. ब्लॉक नेहमीसारखा नीट बसला. मग त्या कुणाला न सांगता घरी गेल्या.

तपासण्या झाल्या. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, बराच जुना. यकृतात पोचलेला, मानेतल्या गाठींतही तोच. ऑपरेशनचा काही उपयोग नाही, असं नगरच्या आणि पुण्याच्या, दोन्हीकडच्या डॉक्टरांनी सांगितलं. केमोथेरपी एकदा घेऊन बघितली. सरांना ती सोसवली नाही.

ही सगळी हकीकत ज्योतीला समर्थकडून, नर्सेसकडून तुकड्या तुकड्यानं कळली. मॅडम तिच्याशी कामापुरतंच बोलत होत्या. रागावलेल्या दिसत नव्हत्या, पण तिच्याकडे बघायच्याही नाहीत. सरांची पाठ वर्षभर दुखत होती, हेही नर्सेसकडूनच कळलं. मॅडमनी स्वतः एक्स-रे काढला होता. मणके झिजलेले दिसले होते, या वयात दिसतातच. त्यांनी गोळ्या दिल्या होत्या, पावसाळ्यात एकदा पाठीत इंजेक्शनही दिलं होतं. नगर जिल्ह्यातून लोक दुखण्यासाठी मॅडमकडे यायचे. घरातलं दुखणं त्यांनी मणक्याचं समजून वर्षभर सांभाळलं होतं.

शनिवारचा वर्ग बंद झाला. "सध्या नको," एवढंच मॅडम म्हणाल्या. जिलेटिनच्या वड्या फ्रिजमध्ये वाळून गेल्या आणि सफाईच्या मावशींनी टाकून दिल्या.

संक्रांतीनंतर एका दुपारी ज्योतीला सरांचा फोन आला. नंबर समर्थकडून मिळवला म्हणाले. "घरी येऊन जा. निवू हॉस्पिटलात असेल तेव्हा ये."

घर बैठं होतं, पुढं छोटंसं अंगण. कामाच्या बाईंनी दार उघडलं. सर पलंगावर कुशीवर झोपले होते, गुडघे पोटाशी घेतलेले. ज्योतीनं इतके दिवस त्यांचा जो चेहरा डोळ्यांपुढं आणला होता तो जुना होता. हा वेगळाच होता, पिवळट आणि लहान.

"बस," ते म्हणाले. "असंच बोलतो. सरळ झोपलं की पाठीत सळई घातल्यासारखं होतं."

"सर, मॉर्फीनच्या गोळ्या चालू आहेत ना?"

"आहेत. घेतल्या की झोप लागते, उठलो की दुखणं उशाशी बसलेलंच. आणि डोकं चालत नाही. परवा निवूला तिच्या आईच्या नावानं हाक मारली. ती काही बोलली नाही, पण मला कळलं नंतर." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "वर्ग का बंद केलाय तिनं?"

ज्योतीनं त्यांच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं.

"ते पोटामागच्या नसांचं इंजेक्शन असतं ना, त्यानं माझं दुखणं कमी होईल, असं निवूच म्हणाली. पुण्याला जाऊ म्हणते, तिचा मित्र आहे तिथं, डॉक्टर सुश्रुत. मला आता गाडीत बसवत नाही ज्योती. शिरूरपर्यंतसुद्धा नाही. इथं तुमच्याकडे सगळं आहे. तू तिला सांग."

"माझं नाही ऐकायच्या त्या."

"का?"

"मी तीन दिवस गप्प बसले म्हणून."

सरांनी डोळे मिटले. "ते माझ्यामुळं झालं," ते म्हणाले. "रोज संध्याकाळी सांगायचं ठरवायचो. ती दमून यायची, पाठ कशी आहे विचारायची आणि शेकायला पिशवी गरम करायची. मग नाही सांगवायचं."

बाहेर फाटक वाजलं. मॅडम लवकर आल्या होत्या. दारात ज्योतीच्या चपला बघून त्या क्षणभर थांबल्या असाव्यात. आत आल्या तेव्हा चेहरा आवळलेला होता.

"तू इथं काय करतेस?"

"मी बोलावलं," सर म्हणाले. "निवू, मला पुण्याला यायचं नाही. ते इंजेक्शन इथंच करा. आणि पोरांना बघू द्या. रोज रोज थोडंच बघायला मिळतं ते."

"बाबा, पुरे झालं आता." मॅडमनी पर्स टेबलावर ठेवली. "तुमच्यावर कुणाला काही शिकवायचं नाही मला. तुम्ही मॉडेल नाही. पेशंटही नाही माझे."

"मग कोण आहे?"

"बाबा आहात."

"ते आहेच." सरांना दम लागला होता. थांबत थांबत बोलत होते. "तुला दुखतंय ते वेगळं, निवू. त्याला मी काही करू शकत नाही. मला दुखतंय त्याला सुई आहे. तुझ्याच हॉस्पिटलात आहे."

मॅडम उभ्याच होत्या. मग पलंगाच्या कडेला बसल्या आणि वडिलांच्या पाठीवर हात ठेवला. ज्योती निघायला उठली तेव्हा मॅडम मागं न बघता म्हणाल्या, "सुश्रुतला मी बोलावते इकडं. एक्स-रेचं सी-आर्म मशीन बुधवारी मोकळं असतं का, विचारून ठेव. तू मदतीला राहा. माझ्याच्यानं सुई नाही धरवणार."

डॉ. सुश्रुत बुधवारी सकाळीच पुण्याहून आले. मॅडमच्या बॅचचे, उंच, मवाळ गृहस्थ. सरांना टेबलावर पालथं झोपवलं, पोटाखाली उशी दिली. पालथं झोपणं त्यांना सोसत होतं. सगळे रेसिडेंट शिशाचे जड एप्रन घालून भिंतीशी उभे राहिले. मॅडम दाराबाहेर होत्या. काचेतून त्यांची टोपी दिसत होती.

ज्योतीनं पाठ पुसून घेतली. मणक्यांच्या खुणा बोटांनी मोजायची गरजच नव्हती, सगळे वर आलेले होते. तिनं सांगितलं, "सर, आता गार लागेल." मग म्हणाली, "आता मुंगी चावल्यासारखं होईल." सर प्रत्येक वेळी हं म्हणत होते.

डॉ. सुश्रुत काम करू लागले. त्यांना काम करताना बोलायची सवय नव्हती, आणि या पेशंटपुढं तर नव्हतीच. मशीनची घरघर तेवढी ऐकू येत होती. लांब सुई हळूहळू आत गेली. थोड्या वेळानं पालथे पडलेले सर उशीत तोंड असतानाच म्हणाले, "बोला ना डॉक्टर. पोरं उभी आहेत."

सुश्रुत थांबले. त्यांनी काचेकडे बघितलं.

दार उघडलं आणि मॅडम आत आल्या. एप्रन बांधलेलाच होता. म्हणजे बाहेर त्या एप्रन घालूनच उभ्या होत्या. सरांच्या डोक्याशी स्टुलावर बसल्या, त्यांचा हात हातात घेतला आणि भिंतीशी उभ्या असलेल्या मुलांकडे बघून बोलायला लागल्या.

"हा कमरेचा पहिला मणका. सुई त्याच्या कडेनं पुढं चालली आहे. पुढं महाधमनी आहे. तिच्या समोर आणि दोन्ही अंगांना नसांचं जाळं असतं. जठर, यकृत, स्वादुपिंड, सगळ्यांचं दुखणं याच जाळ्यातून वर जातं." शनिवारी असायचा तोच आवाज होता, सावकाश आणि स्पष्ट. "आता डॉक्टर एक्स-रेत दिसणारा डाय सोडतील. पडद्यावर बघा. ते धमनीत गेलं तर लगेच वाहून जाईल. इथं ते जागेवर पसरतंय. म्हणजे जागा बरोबर आहे. समर्थ, दिसतंय का? पुढं ये."

समर्थ पुढं आला.

"आता बधिर करायचं औषध. आणि मग अल्कोहोल, त्यानं नसा मरतात."

"जन्मात कधी प्यायलो नाही," सर उशीतून म्हणाले, "आणि आता पाठीतून."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"अल्कोहोल जाताना आग होते," मॅडम म्हणाल्या. "थोडा वेळच, पण जोरात. ते पेशंटला आधी सांगायचं असतं. पेशंटला..." त्या थांबल्या. वडिलांच्या कानाशी वाकल्या. "बाबा, आता आग होईल. माझा हात दाबा."

सरांनी हात दाबला. त्यांची बोटं पांढरी झालेली ज्योतीला दिसत होती. मॅडमच्या डोळ्यांतून पाणी मास्कमध्ये उतरत होतं आणि त्या बोलतच होत्या, की नंतर ब्लड प्रेशर उतरतं, सलाईन आधीच चढवून ठेवायचं, पेशंटला लगेच उठू द्यायचं नाही, दोन-तीन दिवस जुलाब होतात, घाबरायचं नाही. एकही गोष्ट वगळली नाही.

त्या रात्री सर सरळ पाठीवर झोपले. दुसऱ्या दिवशी मॅडमनी हे ज्योतीला सांगितलं, तिच्याकडे बघून सांगितलं.

गोळ्या निम्म्यावर आल्या. सरांचं डोकं पुन्हा चालायला लागलं. मुगाची खिचडी थोडी थोडी जात होती. दुपारी अंगणात खुर्ची टाकून बसायचे. शनिवारी ज्योती आणि समर्थ घरी जायचे, सर त्यांना चहा करायला लावायचे आणि हॉस्पिटलात काय काय झालं ते विचारायचे. एकदा मॅडमनी मागं उभं राहून त्यांचे केस कापले. लहानपणी हिचे केस मीच कापायचो, आता सूड उगवतेय, असं सर म्हणाले. मॅडम हसल्या. ज्योतीनं त्यांना कितीतरी दिवसांनी हसताना बघितलं.

पण सुईनं दुखणं कमी झालं होतं, आजार तिथंच होता. हे तिघांनाही माहीत होतं आणि चौथे सर, त्यांना तर सर्वांत आधी. फेब्रुवारी संपता संपता डोळे गर्द पिवळे झाले. पोटात पाणी भरलं. अंगणातली खुर्ची आत गेली. ज्योती शेवटची भेटली तेव्हा सरांनी तिला ओळखलं, पण नाव घेतलं नाही. नुसतं बोट उचलून आपल्या मानेकडे नेलं आणि खाली ठेवलं. त्यांना काय म्हणायचं होतं ते तिला कळलं नाही.

शिमग्याच्या आसपास एका सकाळी ते गेले. ज्योती थिएटरमध्ये होती. एका बाईचं मनगट मोडलं होतं, ब्लॉक देऊन झाला होता आणि बाई विचारत होत्या, हात माझाच हाय ना, मला समजंना झालंय. समर्थ दारातून आला आणि ज्योतीच्या कानात सांगून गेला. ज्योती त्या बाईंजवळ ऑपरेशन संपेपर्यंत बसली. हात तुमचाच आहे, दुपारपर्यंत जागा होईल, असं सांगत राहिली.

अमरधाममध्ये पारनेरचे बरेच जुने विद्यार्थी आले होते, केस पिकलेले. मॅडमनीच अग्नी दिला. रडल्या नाहीत. आलेल्या प्रत्येकाला नमस्कार करत होत्या, आणि कुणी काही बोललं की नुसतं हो म्हणत होत्या.

दिवस झाल्यावर त्या कामावर रुजू झाल्या. सकाळी सगळ्यांच्या आधी येत, संध्याकाळी सगळ्यांनंतर जात. वर्गाचा विषय कुणी काढला नाही.

एक दिवस ऑपरेशनं लवकर आटोपली. ज्योती कपडे बदलायच्या खोलीत गेली तर मॅडम बाकावर बसलेल्या होत्या, टोपी हातात घेऊन. ज्योती मागं फिरणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "त्या शनिवारी बाबा तुला काय म्हणाले होते? नेमकं सांग."

ज्योती शेजारी बसली. जे आठवत होतं ते सगळं तिनं सांगितलं. गोल दिसल्यावर त्यांनी काय विचारलं, दात काढल्याचं काय म्हणाले, समर्थचं राहिलंय म्हणून कसं थांबवलं. आणि नंतर घरी बोलावलं त्या दुपारी ते काय म्हणाले, तेही. की रोज सांगायचं ठरवायचे आणि तुम्ही शेकायची पिशवी घेऊन यायचात, मग सांगवत नसे.

हे शेवटचं सांगितलं ते बरं केलं का, हे तिला कळेना.

"वर्षभर शेकत होते मी," मॅडम म्हणाल्या. "पाठ इथं दुखते, म्हणून बोट ठेवून दाखवायचे. आणि पोटातही ओढल्यासारखं होतं म्हणाले होते एकदा. मी म्हटलं, गोळ्यांनी ॲसिडिटी झाली असेल. दुसऱ्या कुणी येऊन हेच सांगितलं असतं ना, ज्योती, तर मी त्याला त्याच दिवशी सीटीला पाठवलं असतं."

आधी कळलं असतं तरी काही झालं नसतं, असं म्हणावं हे ज्योतीच्या ओठांवर आलं. पण ते खरं की खोटं, हे तिलाही माहीत नव्हतं आणि मॅडमनाही नव्हतं. खिडकीबाहेर रस्त्यावरून ट्रक जात होते. तिनं विचारलं, "मॅडम, जेवलात का?"

"डबा आणत नाही मी आता."

"मग मेसमध्ये चला. आमटी पातळ असते, पण गरम असते."

मॅडम उठल्या. मेस जवळजवळ रिकामी होती. ज्योतीनं दोन ताटं आणली. मॅडमनी भात कालवला, दोन घास खाल्ले, तिसरा हातात तसाच राहिला आणि त्यांच्या खांद्यांना एकदम हिसके बसायला लागले. आवाज नव्हता. डावा हात तोंडावर दाबून धरलेला होता. दारातून पहिल्या वर्षाची मुलं हसत, बोलत आत येत होती. ज्योतीनं आपली खुर्ची उचलून मॅडमच्या आणि दाराच्या मध्ये ठेवली, दाराकडे पाठ करून बसली आणि जेवायला लागली.